एक्स-रे लेसरखाली स्फटिक ठेवण्याआधी

हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सएफईएल या एक्स-रे लेसरवर स्फटिकांच्या नुकसानीचा प्रयोग करायला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी हे लिहितेय. व्हिसा, सेफ्टी ट्रेनिंग, डोसीमीटर याबद्दल सगळे सांगतातच. सॅम्पलवर खुणा करा, हे मात्र कुणी सांगत नाही, आणि मागच्या वेळी नेमकं तेच राहिलं. म्हणून सुरुवातीलाच सांगते: सॅम्पलवर खुणा करा.

डोसचा, म्हणजे दर अणूमागे किती ऊर्जा पडते याचा, हिशेब निघण्याआधीच करून ठेवा, तिथे रात्रपाळीत करू नका. एका पल्समध्ये 8 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे एक लाख कोटी फोटॉन धरा, म्हणजे सव्वा मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा. सिलिकॉनच्या 70 मायक्रॉन जाडीत यातला जवळजवळ दोन-तृतीयांश भाग शोषला जातो. बीमचा ठिपका 50 मायक्रॉन बाजूचा असेल तर पृष्ठभागाजवळ दर अणूमागे सुमारे 0.9 इलेक्ट्रॉनव्होल्ट पडतात. सिलिकॉन 1414 अंश सेल्सिअसपर्यंत तापायला अणूमागे साधारण 0.36 लागतात आणि वितळायला आणखी 0.52. म्हणजे 50 मायक्रॉनलाच तुम्ही वितळण्याच्या उंबरठ्यावर आहात. फोकस 10 मायक्रॉनवर आणलात तर तोच आकडा 23 होतो आणि मग नुसते खड्डे मिळतात, उंबरठा हाती लागत नाही. हिऱ्याचा ग्रॅफाइट व्हायला अणूमागे 0.7 च्या आसपास पुरतात, पण तेवढ्याच प्रकाशात हिऱ्याच्या अणूला सिलिकॉनच्या तिसाव्या हिश्शाएवढाच डोस मिळतो. दोन्हींसाठी एकच सेटिंग चालणार नाही. वेगवेगळे तक्ते करा.

एकेका पल्सचा मोड मिळेल ना, हे आधीच लेखी विचारा. तिथे पल्स झुंडीने येतात: सेकंदाला 10 झुंडी, एकेकीत 2700 पर्यंत पल्स, दोन पल्समध्ये 220 नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात सिलिकॉनमधली उष्णता जेमतेम आठ-दहा मायक्रॉन सरकते. दुसरी पल्स तापलेल्या, कदाचित वितळलेल्या जागेवर पडते आणि कुठलं नुकसान कोणत्या पल्सचं हे मग कोणीही सांगू शकत नाही. एका फोटॉनमुळे शेवटी दोन हजारांवर इलेक्ट्रॉन मोकळे होतात. तो धबधबा फेमटोसेकंदांत उरकतो, पण स्फटिकातली अणूंची जाळी तापायला पिकोसेकंद लागतात आणि थंड व्हायला त्याहून कितीतरी जास्त. प्रत्येक शॉट नव्या जागेवरच घ्या. दोन शॉटमध्ये ठिपक्याच्या कैकपट अंतर ठेवा, कारण बीमच्या कडाही भाजतात आणि खड्ड्यातून उडालेला मलबा शेजारी पसरतो.

अॅटेन्युएटरवर, म्हणजे बीम मंद करणाऱ्या फॉइलवर, डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बीममध्ये मूळ ऊर्जेच्या तिप्पट ऊर्जेचे थोडे फोटॉन असतात. फॉइलमध्ये ते साधारण 27 पट कमी शोषले जातात. बीम जितका मंद कराल तितका त्यांचा वाटा वाढतो. आरसे ते कापतात का, बीमलाइनवाल्यांना विचारून घ्या. शिवाय प्रत्येक पल्सची ऊर्जा वेगळी असते, सरासरी आकडा कामाचा नाही. प्रत्येक शॉटचा पल्स आयडी (पल्सचा क्रमांक) आणि पल्सची ऊर्जा मोजणाऱ्या गॅस डिटेक्टरचं वाचन, सॅम्पल सरकवणाऱ्या स्टेजच्या जागेसोबत जोडलेलं हवं.

आता खुणा. उंबरठ्याखालचे शॉट दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता गुळगुळीत सिलिकॉन दिसतो आणि तुम्हाला सर्वांत हवी असलेली माहिती तिथेच दडलेली असते. तेव्हा कोपऱ्यात एफ अक्षराच्या आकाराची खूण कोरा. चौकोन किंवा अधिक चिन्ह नको, कारण तिथल्या कॅमेऱ्यातली प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी असू शकते आणि सॅम्पल 180 अंशांत फिरलं तर अधिक चिन्ह जसंच्या तसं दिसतं. एफ लगेच चुगली करतो. प्रत्येक ओळीचा पहिला शॉट पूर्ण ताकदीचा घ्या, म्हणजे ओळ कुठे सुरू होते ते दिसेल. मागच्या बाजूला सॅम्पल नंबर कोरा. मार्कर पेन नको, आयसोप्रोपेनॉलने पुसलं जातं. डबा बंद करण्याआधी पुन्हा बघा: खूण आहे? होल्डरखाली झाकली तर जात नाही ना? झाकली जात असेल तर दुसरी करा. आज करा, विमानतळावर आठवून उपयोग नाही.

तिथे गेल्यावर: आधी फोकस शोधा, मग खुणेचा फोटो, मग शॉट. घाई झाली तरी फोटो सोडू नका.

परतल्यावर आधी ऑप्टिकल सूक्ष्मदर्शक, मग एएफएम (अणुबल सूक्ष्मदर्शक). रामन वर्णपटात सिलिकॉनची 520 प्रति सेंटीमीटरची रेषा आणि हिऱ्याची 1332 ची बघा. खड्ड्यांचं क्षेत्रफळ पल्स-ऊर्जेच्या लॉगॅरिथमसमोर मांडा, रेषा शून्याला भिडते तो उंबरठा. डेटाची प्रत दोन ठिकाणी. आणि खुणा.