पावसाळ्यात सायकलसाठी बूट घेताय? या चुका टाळा

जुलैमध्ये मुळशीवरून ताम्हिणीला निघालो, तेव्हा माझ्या पायात नवेकोरे वॉटरप्रूफ सायकलिंग शूज होते. घाट लागेपर्यंत दोन्ही बुटांत पाणी साचलं होतं आणि घरी येईपर्यंत ते तसंच डचमळत होतं. बूट चांगले होते, मी ते चुकीच्या पावसासाठी घेतले होते.

पाणी आत येऊच नये असा बूट शोधणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सह्याद्रीतला पाऊस बुटाच्या कापडातून शिरत नाही, तो पिंढरीवरून ओघळत मोज्यात मुरतो आणि घोट्याच्या उघड्या तोंडातून आत उतरतो. मग बुटातला जो पडदा पाणी बाहेर अडवतो, तोच ते आत कोंडून ठेवतो. गोरटेक्ससारखा जलरोधक कापडाचा पडदा घामाची वाफ बाहेर सोडतो खरा, पण त्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. ढगात बुडालेल्या घाटात ती कुठून आणणार? आपल्याकडे जाळीचा, पाणी झटकन निथळणारा आणि रात्रीत वाळणारा बूट घ्या. साध्या पेडलवर चालवत असाल, तर मागे पट्टा असलेले जाड तळाचे फ्लोटर्सही उत्तम. लंडन-एडिंबरात राहणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं. तिथे हिवाळ्यात चार-पाच अंशांत रिमझिम असते. तिथे उंच घोट्याचा वॉटरप्रूफ बूटच हवा, आणि पँट त्याच्या बाहेरून.

दुसरी चूक मापाची. दुकानात पातळ मोजा घालून बूट बघायचा आणि थंडीत आत जाड मोजा कोंबायचा. बूट आवळला की बोटांपर्यंत रक्त नीट पोचत नाही, मग मोजा कितीही उबदार असो, बोटं बधिरच होतात. रोज वापरणार तोच मोजा घेऊन दुकानात जा, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. मोजा सुती नको, तो पाणी धरून बसतो. मेरिनो लोकरीचा भिजला तरी ऊब देतो.

खरा गारठा लागतो तो घाट उतरताना. चढताना अंग तापलेलं असतं. उतारावर पाय थांबतात, वारा वाढतो आणि ओल्या बोटांतली ऊब पळून जाते. बुटाच्या पुढच्या टोकावर चढवायचं छोटं वाराप्रतिबंधक कव्हर खिशात ठेवा आणि माथ्यावर थांबून घाला. चढतानाच घातलंत तर आत घामाने भिजाल.

बूट बदलण्याआधी पुढच्या चाकाकडेही बघा. पायावर येणारं बरंचसं पाणी आभाळातून नाही, त्या चाकावरून उडत असतं. मडगार्डच्या खालच्या टोकाला रबराची झडप लावा, फरक पहिल्याच दिवशी कळेल.

क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला बसवलेला आणि पेडलमध्ये अडकणारा तुकडा, वापरणाऱ्यांनी दोन स्क्रूची, रबरी तळात बुडालेली क्लीट घ्यावी. तीन स्क्रूची, तळाबाहेर आलेली क्लीट टपरीसमोरच्या ओल्या फरशीवर हमखास घसरते. स्क्रूंना ग्रीस लावायला विसरू नका, नाहीतर सप्टेंबरमध्ये ते गंजून बसलेले सापडतील. क्लीटच्या खाचेतून आत पाणी येत असेल, तर इनसोल काढून त्या जागी आतून जाड चिकटपट्टी लावा.

वाळवताना हीटर किंवा गॅसजवळ बूट ठेवू नका, तळाचा गोंद सुटतो. इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन-तीन तासांनी बदला. ओलसर बूट रोज घातला की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, म्हणून जमलं तर दोन जोड आलटून पालटून वापरा. आणि मुंबईसारख्या शहरात साचलेल्या पाण्यातून जावं लागलं, पायाला जखम असली, तर घरी आल्यावर साबणाने पाय धुऊन डॉक्टरांना लगेच विचारा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू अशाच जखमेतून शिरतो.