वाढता डेटाबेस सांभाळताना: नव्याने येणाऱ्यांसाठी

डेटाबेस मंदावला की पहिला प्रस्ताव बहुधा मोठ्या सर्व्हरचा येतो आणि दुसरा शार्डिंगचा, म्हणजे डेटा अनेक सर्व्हरवर वाटून ठेवण्याचा. या कामात मी जे शिकलो त्यातले सर्वांत उपयोगी हे, की दोन्हींच्या आधी वेळ नेमका कुठे जातो आहे हे मोजावे. मोजल्यावर प्रश्नाचे स्वरूपच पुष्कळदा बदलते.

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत त्यासाठी ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ हे एक्स्टेन्शन आहे. कोणती क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, किती वेळा चालली आणि तिने एकूण किती वेळ घेतला, हे त्यातून कळते. नवशिक्याची नजर साहजिकच सर्वांत संथ क्वेरीकडे जाते. पण दिवसातून एकदा चालणाऱ्या 40 सेकंदांच्या रिपोर्टपेक्षा, 5 मिलिसेकंदांत संपणारी परंतु दर सेकंदाला शेकडो वेळा धावणारी क्वेरी सर्व्हरवर कितीतरी अधिक भार टाकते. म्हणून यादी एकूण वेळेनुसार लावावी.

पुढचे काम इंडेक्सचे, म्हणजे नोंदी चटकन शोधून देणाऱ्या सूचीचे, आणि इथे घाई करू नये. समजा, एका ग्राहकाच्या सर्वांत ताज्या 20 ऑर्डर हव्या आहेत. इंडेक्स केवळ ग्राहक क्रमांकावर असेल, तर त्या ग्राहकाच्या सगळ्या ऑर्डर वाचून, तारखेनुसार लावून, मग 20 निवडाव्या लागतात. ग्राहक क्रमांक आधी आणि तारीख नंतर असा संयुक्त इंडेक्स असेल, तर त्या ग्राहकाच्या नोंदी तारखेच्या क्रमानेच सापडतात आणि 20 मिळताच वाचन थांबते. ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ या, क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या आज्ञेच्या आउटपुटमधली सॉर्टची पायरी नाहीशी झालेली दिसते. हेच दोन कॉलम उलट क्रमाने ठेवले, तर इतर ग्राहकांच्या नोंदीही ओलांडाव्या लागतात. याच स्क्रीनवर पुढची पाने ‘ऑफसेट’ने, म्हणजे ‘इतक्या ओळी सोडून पुढच्या द्या’ असे सांगून, आणली, तर आधीच्या सर्व ओळी दरवेळी वाचून टाकून दिल्या जातात, त्याऐवजी शेवटच्या ओळीची तारीख आणि आयडी अटीत द्यावेत. मात्र प्रत्येक नवा इंडेक्स लेखनाचा खर्च वाढवतो, त्यामुळे न वापरले जाणारे इंडेक्स काढून टाकणे हेही कामच आहे.

पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उघडते आणि कनेक्शनची मूळ मर्यादा 100 असते. ती वाढवत नेण्याऐवजी थोडी कनेक्शन अनेकांत आळीपाळीने वापरू देणारा पीजीबाउन्सरसारखा पूलर मध्ये ठेवावा.

वाचनाचा भार खरोखरच जास्त असेल, तर रीड रेप्लिका, म्हणजे केवळ वाचनासाठी ठेवलेल्या डेटाबेसच्या प्रती, उपयोगी पडतात. परंतु सर्वसाधारणपणे त्या मूळ सर्व्हरच्या थोड्या मागे असतात. वापरकर्त्याने पत्ता बदलला, पान पुन्हा उघडले आणि जुनाच पत्ता दिसला, तर त्याच्या दृष्टीने माहिती हरवली आहे. नुकतेच लेखन केलेल्याचे वाचन काही काळ मूळ सर्व्हरकडेच पाठवणे हा त्यावरचा साधा उपाय. लेखनाचा भार मात्र रेप्लिकांनी कमी होत नाही, कारण प्रत्येक बदल प्रत्येक रेप्लिकेलाही लावावाच लागतो.

जुन्या नोंदी ठरावीक काळाने काढायच्या असतील, तर मला पार्टिशनिंग, म्हणजे एका टेबलचे महिन्यासारख्या निकषाने तुकडे करणे, सर्वांत समाधानकारक वाटते. पोस्टग्रेसच्या 2017 मधील 10व्या आवृत्तीपासून ते थेट टेबलच्या व्याख्येतच सांगता येते. लाखो ओळी डिलीट करून व्हॅक्यूमची, म्हणजे डिलीट झालेल्या ओळींची जागा मोकळी करणाऱ्या प्रक्रियेची, वाट पाहण्यापेक्षा एका महिन्याचे पार्टिशन काढून टाकणे क्षणात होते. मात्र प्रत्येक ओळीची ओळख ठरवणाऱ्या प्रायमरी कीमध्ये पार्टिशनचा कॉलम घ्यावा लागतो आणि क्वेरीत त्याची अट नसेल, तर सगळी पार्टिशन्स तपासली जातात.

शार्डिंग मी सर्वांत शेवटी ठेवतो, कारण ज्या सोयींसाठी रिलेशनल डेटाबेस घेतला, त्या जॉइन (टेबले जोडून वाचणे), ट्रान्झॅक्शन (अनेक बदल एकत्रच लागू होणे किंवा एकही न होणे) आणि युनिक अटी (मूल्य दोनदा न येण्याच्या) शार्डच्या सीमेपाशी आपोआप मिळेनाशा होतात. ते टाळता येत नसेल, तर ओळ कोणत्या शार्डवर जाईल हे ठरवणारा कॉलम असा निवडावा की एका ट्रान्झॅक्शनमध्ये लागणाऱ्या ओळी एकाच शार्डवर राहतील. अनेक संस्था वापरतात अशा प्रणालीत संस्थेचा क्रमांक त्यासाठी सहसा योग्य ठरतो. तो कॉलम प्रत्येक टेबलमध्ये सुरुवातीपासून ठेवावा, कारण भरलेल्या टेबलांत तो मागाहून घालणे फार कष्टाचे असते.