स्पॉट कलर सीएमवायकेमध्ये बदलताय? आधी या चुका टाळा

मिठाईच्या एका बॉक्सचं काम माझ्या हातून बिघडलं होतं. फाइलमध्ये चार प्रोसेस कलर (सायन, मॅजेन्टा, यलो, ब्लॅक, म्हणजेच सीएमवायके), लोगोसाठी पँटोन ऑरेंज ०२१ हा स्पॉट कलर, म्हणजे आधीच मिसळलेली वेगळी शाई, झाकणावर स्पॉट यूव्ही (ठरावीक जागेवरचं चकचकीत वार्निश) आणि कटिंगची डायलाइन (कुठे कापायचं, कुठे घडी घालायची ते दाखवणाऱ्या रेघा). खर्च वाढतो म्हणून ग्राहकाला पाचवा कलर नको होता. मी इनडिझाइनच्या इंक मॅनेजरमध्ये 'ऑल स्पॉट्स टू प्रोसेस'वर टिक केली आणि पीडीएफ प्रेसला धाडली. छापून आलेल्या शीटवर प्रत्येक घडीवर मॅजेन्टाची रेघ होती आणि झाकणावर यूव्हीच्या जागी राखाडी पट्टा. डायलाइन आणि यूव्हीसुद्धा फाइलमध्ये स्पॉट म्हणूनच होते. नारंगीबरोबर त्यांचीही शाई झाली.

छपाईत प्रत्येक शाईची स्वतःची प्लेट असते. स्पॉट स्वॉच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या रंगयादीतला स्पॉट, हे मुळात अशा एका वेगळ्या प्लेटचं नाव. स्क्रीनवर दिसणारा रंग निव्वळ ओळखीसाठी असतो. डायलाइन मॅजेन्टा दिसते ती डोळ्यांत भरावी म्हणून. त्यामुळे सगळे स्पॉट एका फटक्यात बदलणं ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे. अॅक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडा, तिथली प्लेटींची नावं एकेक करून वाचा आणि प्रत्येकाबद्दल विचारा: प्रेसवर याचं काय होणार? शाई लागणार, यूव्ही होणार, फॉइल बसणार की पंचिंग? ज्याची शाई चार रंगांतून काढायची आहे तेवढाच स्पॉट बदला.

उलटी चूकही रोज होते. इलस्ट्रेटरमध्ये डॉक्युमेंट कलर मोड सीएमवायके केला की काम झालं, असं वाटतं. स्पॉट स्वॉच तरीही स्पॉटच राहतो आणि सीटीपीवर (फाइलवरून थेट प्लेट काढणाऱ्या मशीनवर) पाचवी, सहावी प्लेट निघते. स्वॉचच्या ऑप्शनमध्ये जाऊन कलर टाइप प्रोसेस करावा लागतो.

आता नावांचा घोळ, कारण प्लेट नावावरून ठरते. एका लोगोत 'पँटोन १८५ सी', दुसऱ्यात 'पँटोन १८५ यू', तिसरीकडे कोणीतरी हातानं बनवलेला 'लाल'. शाई एकच, प्लेटी तीन. नोव्हेंबर २०२२ पासून अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून बहुतेक पँटोन बुकं (पँटोन रंगांचे तयार स्वॉचसंच) काढली गेली, तेव्हापासून असे हातानं बनवलेले स्वॉच मला जास्त दिसतात. सी म्हणजे कोटेड कागद, यू म्हणजे अनकोटेड. शाईचा फॉर्म्युला बदलत नाही. स्पॉटच छापायचा असेल तर इंक मॅनेजरमध्ये इंक अलायस (एका नावाची शाई दुसऱ्या नावाच्या प्लेटवर वळवण्याची सोय) लावून सगळी नावं एकाच प्लेटवर आणा. सीएमवायके करायचं असेल तर आधी एकच स्वॉच ठेवा, कारण सी आणि यू यांचे आकडे वेगळे निघतात आणि एकाच पानावर लोगोचे दोन लाल दिसतात.

ग्राहकाला आधी सांगायची गोष्ट म्हणजे काही रंग चार शायांत येतच नाहीत. ऑरेंज ०२१ त्यातलाच. मिरवणुकीच्या बॅनरवर हवा असलेला तेजस्वी भगवा सीएमवायकेमध्ये मंदावतो. यलो-मॅजेन्टाचे आकडे कितीही हलवले तरी तो चमकत नाही. पँटोन ८७७ची चांदी तर साधी राखाडी होते. अशा वेळी पाचव्या कलरचा खर्च आणि बदललेला रंग दोन्ही प्रूफवर (छपाईआधीच्या नमुन्यावर) समोर ठेवावेत, छापून झाल्यावर समजावत बसू नये.

बारीक अक्षरं हा माझा सगळ्यात हळवा मुद्दा. दुसऱ्या एका बॉक्सच्या मागे घटकपदार्थ सहा पॉइंटमध्ये, एका गडद मरून स्पॉटमध्ये होते. एका प्लेटवर ते सुरेख आले असते. बदलल्यावर तेच अक्षर तीन-चार शायांत विभागलं जातं, आणि मशीनवर रजिस्टर (शायांचं एकमेकींवर नेमकं बसणं) केसभर जरी हललं तरी 'साखर'च्या कान्याला गुलाबी कड येते. देवनागरीत बारीक कानेमात्रे आणि रफार यांना हे फार लवकर भोवतं. बदल करायचाच असेल तर एवढा मजकूर शंभर टक्के ब्लॅक करा. आणि आरजीबीतून (स्क्रीनच्या रंगपद्धतीतून) आलेला काळा चार शायांत फुटला नाही ना, हेही आउटपुट प्रिव्ह्यूत सायन, मॅजेन्टा, यलो बंद करून पाहा. अक्षरं जशीच्या तशी उरली पाहिजेत.

यूव्ही आणि डायलाइन ओव्हरप्रिंटवर हव्यात, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावर बसतात. नॉकआउट (खालचा रंग कापणं) राहिलं तर यूव्हीखालची चित्रं पांढरी कापली जातात. पांढऱ्या अक्षरांवर मात्र ओव्हरप्रिंट राहू देऊ नका, ती छापताना गायब होतात. स्क्रीनवर हे दिसण्यासाठी ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू हवा.

हल्ली मी फाइलबरोबर मेलमध्ये प्लेटींची यादी लिहून पाठवतो: सी, एम, वाय, के, स्पॉट यूव्ही, डाय वेगळ्या पीडीएफमध्ये. सीटीपीवाल्याच्या स्क्रीनवर याहून एकही नाव जास्त दिसलं तर प्लेट काढण्याआधी तो मला फोन करतो.