खिशातला पहिला घडीचा चाकू कसा निवडावा

फळं कापायची, सुतळी तोडायची, खोकी उघडायची. एवढ्यासाठी साधारण 8 सेंमीचं पातं भरपूर झालं. त्याहून मोठा चाकू खिशात टोचतो आणि शेवटी घरीच राहतो.

आधी लॉक तपासा, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी कळ. पातं पूर्ण उघडा, बोटं मिटण्याच्या वाटेतून बाजूला घ्या आणि पात्याच्या पाठीवर हलका दाब द्या. जरासं जरी मिटू लागलं तरी तो चाकू घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. मग पातं डावी-उजवीकडे हलवून बघा. सांध्याला स्क्रू असेल तर ढिलेपणा काढता येतो, रिव्हेट (ठोकून कायमची बसवलेली खीळ) असेल तर घरी जमत नाही.

नुसतं ‘स्टेनलेस’ लिहिलंय आणि पोलादाची ग्रेड नाही, असा माल टाळलेलाच बरा.

पहिल्या चाकूसाठी आमची पसंती ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या 8 नंबरला: 8.5 सेंमी पातं, लाकडी मूठ, लॉकसाठी फिरवून लावायची कडी. कार्बन पोलादाचं पातं लिंबू-कैरीने काळं पडतं आणि कोकणातल्या दमट हवेत लगेच गंजतं, म्हणून स्टेनलेसचंच घ्या. पावसाळ्यात मूठ फुगून पातं आत अडकतं. नखाने ओढत बसू नका, नख तुटेल. कडी सोडवा आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोका. धरता येईल इतकं पातं वर येतं.

विमानप्रवासात तो केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानातच टाका.