ट्रम्पेट वाजवताना ओठ लवकर थकतात? या चुका टाळा

गणपती जवळ आले, तालमी वाढल्या की नव्या ट्रम्पेटवाल्यांची तक्रार ठरलेली असते. दहा मिनिटांत ओठ जड होतात आणि वरच्या सा च्या पुढे सूर फाटतो. लगेच पुढचा प्रश्न येतो, "कुठला माउथपीस घेऊ?" माउथपीसचं नंतर बघू. आधी आरशासमोर उभं राहून वाजवा आणि आपला उजवा हात काय करतोय ते पाहा.

माउथपीस ओठात रुतवणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. वरचा सूर लागत नाही म्हटल्यावर हात वाद्य तोंडाकडे ओढतो. माउथपीसची कड आणि दात यांच्यामध्ये ओठ चेपला जातो, त्यातला रक्तपुरवठा कमी होतो आणि ओठ बधिर पडतो. आपल्याकडचा नेहमीचा ट्रम्पेट बी फ्लॅटचा, म्हणजे एकही पिस्टन (बोटांखालचं बटण) न दाबता निघणारा सा हार्मोनियमच्या काळी पाचशी जुळतो. खालच्या सा ला ओठ सेकंदाला सुमारे 233 वेळा उघडमिट करतात, वरच्या सा ला 466 वेळा आणि त्याच्याही वरच्या सा ला 932 वेळा. चेपून धरलेला ओठ इतक्या वेगानं हलणार कसा?

फसवी गोष्ट अशी की दाबल्यावर वरचा सूर लागतो. पहिले काही दिवस खरंच लागतो. म्हणून घाईची मुलं तीच सवय लावून घेतात आणि सहा महिन्यांनी तिथल्या तिथेच असतात.

उजव्या करंगळीसाठी ट्रम्पेटवर एक आकडा असतो. तो एका हातानं वाद्य धरून पान उलटताना किंवा आवाज दबवणारा म्यूट लावताना कामाला येतो. वाजवताना करंगळी त्यात अडकवली की वाद्य ओढायला आयती मूठ मिळते. करंगळी बाहेर काढा, नुसती वर टेकवा. सवय मोडेपर्यंत आकड्यावर चिकटपट्टी गुंडाळली तरी चालेल. डाव्या हातानं पिस्टनची नळकांडी आवळू नका, वाद्याचं वजन पेललं की पुरे.

दाब किती लागतो हे शोधायची रीत अशी. खालच्या आणि वरच्या सा च्या मधला प धरा, मध्यम आवाजात. सूर चालू असतानाच वाद्य केसभर पुढे न्या, मग आणखी केसभर. एका क्षणी कडेनं हवा निसटून फुसफुसायला लागेल. तिथून अगदी किंचित मागे या. तेवढाच दाब त्या सुराला लागतो. हे रोज पाच मिनिटं प वर करा, आठवड्यानं वरच्या सा वर. वाजवून झाल्यावर ओठावर फिकट गोल वण दिसणारच. तो खोल आणि लाल असेल, अर्ध्या तासानंतरही तसाच असेल, तर तुम्ही दाबताय.

मग सूर वर जातो तो कशानं? ओठांचे कोपरे, जीभ आणि श्वास यांनी. "हसल्यासारखं तोंड कर" हा सल्ला अजूनही दिला जातो आणि तो चूक आहे. हसलं की ओठ ताणून पातळ होतात आणि माउथपीसखाली मांसच उरत नाही. "म" म्हणताना ओठ मिटतात तसे मिटा, कोपरे जागेवर घट्ट ठेवा, हनुवटी सपाट राहू द्या. जीभ खालच्या सुरांना "ता" म्हणताना असते तशी, वर जाताना "ती" सारखी. शीळ घालताना सूर चढवा, जीभ आपोआप वर येते; तेच इथे करायचं आहे.

बेलबाग चौकातच सगळं संपवणं

विसर्जनाच्या दिवशी पुण्यात लक्ष्मी रोडला उभं राहिलं की हे दरवर्षी दिसतं. मंडईतून निघून बेलबाग चौकात येतानाच नवा मुलगा सगळं वरच्या सप्तकात, पूर्ण जोरात वाजवतो. गर्दी टाळ्या देते, तो आणखी चढतो. गणपती चौकात त्याचे सूर किंचित उतरायला लागतात. कुंटे चौकाजवळ तो ओळीतला शेवटचा वरचा सूर गिळतो. उंबऱ्या गणपतीपर्यंत गाल फुगलेले, माउथपीस ओठात रुतलेलं आणि आवाज पत्र्यासारखा. रस्त्याच्या शेवटचा अलका चौक अजून लांब असतो. त्याच पथकातला जुना वादक मात्र शेवटपर्यंत गोड वाजवत असतो, कारण तो दर दोन ओळींनी वाद्य खाली घेतो.

स्नायू विश्रांतीत सावरतो. जितका वेळ वाजवाल तितकाच वेळ थांबा. घरी तीस मिनिटांचा सराव असेल तर घड्याळ तासाचं लावा. मिरवणुकीत दोन ट्रम्पेट असतील तर ओळी वाटून घ्या, एकानं धृपद, दुसऱ्यानं अंतरा. दोघांनी सतत एकच वाजवणं म्हणजे दोघांनाही थकवणं.

पट्टीही बघा. गाणं पांढरी चारमध्ये बसवलं, तर त्याचा मध्य सा ट्रम्पेटच्या मधल्या प वर येतो. मग चाल तार पंचमाला गेली की ट्रम्पेटला 932 वाल्या सा च्याही वरचा रे काढावा लागतो. तेच गाणं काळी पाचमध्ये आणलं तर तार पंचम पिस्टन न दाबता येणाऱ्या वरच्या प वर बसतो. अवघड तोही आहे, पण तो तासभर निभावता येतो. गायकाची पट्टी गायकाला, ट्रम्पेटची ट्रम्पेटला.

बाकीच्या, थोडक्यात

उथळ कपाचं माउथपीस घेऊन वरचे सूर विकत मिळत नाहीत, आवाज मात्र बारीक होतो. बाख कंपनीचं 7सी मापाचं माउथपीस आतून 16.20 मिलिमीटर आहे, शिकायला उत्तम. त्या मापात आकडा लहान म्हणजे कप रुंद. वर्षभर एकच वापरा.

व्हॅसलीन वाजवून झाल्यावर लावा, आधी लावलं तर माउथपीस घसरतं.

डिसेंबरच्या सकाळी गार माउथपीस थेट ओठाला लावू नका. दहा मिनिटं मुठीत धरा, मग खालच्या सा वर लांब, हळू सुरांनी सुरुवात करा.

गुटखा आणि सुपारी सोडा. सुपारीनं तोंडाच्या आतलं अस्तर आखडतं, तोंड उघडेनासं होतं. त्यावर सरावानं इलाज होत नाही.

ओठांना दोष देण्याआधी वाद्य तपासा

जुनं किंवा भाड्याचं वाद्य हवा सोडत असेल तर तुम्ही दुप्पट फुंकता आणि थकवा ओठांचा समजता. पाणी सोडायच्या खटक्याखालचं बूच बोटानं दाबून धरा आणि वाजवा. सूर सोपा झाला तर बूच बदला. नंतर तिसऱ्या पिस्टनची स्लाइड, पिस्टन वर असताना, थोडी बाहेर ओढा, तीन सेकंद थांबा आणि पिस्टन दाबा. "पॉक" असा आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे. आलाच नाही तर पिस्टन झिजलाय, वाद्य कारागिराला दाखवा. अडकलेलं माउथपीस मात्र घरी पकडीनं ओढू नका, पुढची नळी पिळवटते.

मिरवणुकीनंतरचा दिवस

सुजलेल्या ओठांनी "थोडं वाजवून मोकळं करू" असं करू नका. गार पाण्याची घडी ठेवा आणि दिवसभर वाद्य पेटीत राहू द्या. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं फक्त सा-प-सा, पिस्टन न दाबता, कुजबुजल्यासारखं हळू. थकव्याची जळजळ एखाद्या दिवसात जाते. पण ओठात एकाच जागी टोचल्यासारखं दुखत असेल, किंवा तिथून हवा निसटत असेल आणि पंधरा दिवसांतही सुधारणा नसेल, तर डॉक्टरांकडे जा. तोंडाभोवतीचा गोल स्नायू फाटू शकतो. जॅझचा प्रसिद्ध ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग याचे ओठ जोरकस वाजवण्यानं असेच जायबंदी झाले होते, आणि या दुखापतीला त्याच्याच टोपणनावावरून सॅचमो सिंड्रोम म्हणतात.