गल्लीचं बोरिंग गल्लीनंच भरावं: गच्चीचं पाणी जमिनीत सोडण्याची रीत

इंदूरला नर्मदेचं पाणी 1978 पासून येतंय. जलूदहून, जवळपास सत्तर किलोमीटरवरून, तेही घाट चढवून. म्हणजे ते मोजूनमापूनच मिळणार, आणि मे महिन्यात टँकर कोणाच्या दारात आधी लागला यावरून गल्लीत तोंडं फिरणार. नगर निगमकडे अर्ज जरूर करावेत. पण गच्चीवर पडून नालीत जाणारं पाणी अडवायला पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, सही लागत नाही.

आधी हिशोब. इंदूरचा सरासरी पाऊस साधारण 37 इंच. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की सुमारे 2,360 लिटर पाणी होतं. 37 इंचांचे झाले 87 हजार. त्यातलं वीस टक्के उडालं, सांडलं, मुद्दाम सोडून दिलं असं धरलं तरी सत्तर हजार लिटर उरतं, म्हणजे पाच हजारी टँकरच्या चौदा खेपा. एका घराच्या, एका पावसाळ्यात.

मग हे काम एकेकट्यानं का करू नये? कारण आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. माळव्यात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग बेसॉल्ट. या दगडात पाणी भेगांमधून आणि झिजलेल्या थरांतून फिरतं. तुम्ही तुमच्या बोरिंगमध्ये सोडलेलं पाणी तिथेच थांबेल याची काही खात्री नाही, ते शेजाऱ्याच्या मोटरनंही वर येईल. एकट्यानं खर्च केलेला माणूस दोन वर्षांत चिडतो आणि पाइप काढून टाकतो. पाच-सहा घरांनी मिळून केलं तर पाणी कुठेही गेलं तरी गल्लीतच राहण्याची शक्यता जास्त. म्हणून प्लंबरला बोलवायच्या आधी शेजाऱ्यांना बोलवा.

गल्लीची एकच बाजू धरा, आणि तिच्या सगळ्या गच्च्यांचं पाणी सोडायला एकच बोरिंग. रस्ता ओलांडून पाइप न्यायचा म्हटला की खोदाईची परवानगी, झोन ऑफिसच्या चकरा आणि नंतर खचलेला रस्ता, सगळंच आलं. समोरच्या ओळीनं आपलं वेगळं बोरिंग निवडावं. शक्यतो आटलेलं बोरिंग घ्या, आणि ते पाणी पितं का हे आधी बघा. एक टँकर मागवून पाइपानं सावकाश आत सोडा. पाणी खाली उतरत राहिलं तर बोरिंग कामाचं. केसिंगच्या, म्हणजे बोरिंगच्या वरच्या पाइपाच्या, तोंडापर्यंत भरून तासन्‌तास तसंच उभं राहिलं तर भेगा बुजल्यात, त्यावर एक पैसा घालू नका. ही चाचणी टाळून हजारोंचे पाइप टाकणारे लोक कमी नाहीत.

आता पाइप. गच्चीचा उतार पन्हाळीकडे आहे ना, ते बादलीभर पाणी ओतून बघा. हजार फुटांच्या गच्चीला 110 मिमीचे दोन उभे पाइप हवेत. जोरदार सरीत 75 मिमीचा एकच पाइप पुरत नाही, गच्चीवर तळं साचतं आणि दोष स्लॅबला जातो. प्रत्येक तोंडावर घुमटासारखी उभी जाळी बसवा. सपाट जाळीवर कडुलिंबाची चार पानं आणि संक्रांतीच्या मांजाचा गुंता आला की तोंड बंद. आडव्या पाइपाला दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार ठेवा आणि तो डोळ्यांनी नाही, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं मोजा. मधे पोट आलं की तिथे गाळ बसलाच.

पहिलं पाणी सोडून द्यायचं असतं, कारण त्यात कबुतरांची घाण, धूळ आणि उन्हाळी वाळवणांचा चुरा असतो. इथे एक गैरसमज फार आहे. उभ्या पाइपाला टी (तीन तोंडांचा जोड) लावून खाली मीटरभर पाइप लोंबता ठेवला आणि टोकाला एंड कॅप बसवली की झालं, असं प्लंबर सांगतो. त्या मीटरभर पाइपात मावतं जेमतेम साडेआठ लिटर. हजार फुटांची गच्ची धुऊन निघायला निदान 100 ते 200 लिटर जावं लागतं. तेव्हा एक तर 200 लिटरचा ड्रम जोडा, नाहीतर खाली बॉल व्हॉल्व्ह लावा आणि मोसमाचे पहिले दोन पाऊस तो पूर्ण उघडा ठेवा. पुढेही आठवडाभर उघडीप पडली की पहिली दहा-पंधरा मिनिटं उघडाच.

गाळणीसाठी लांब जायला नको, देवास शेजारीच आहे. 1990 मध्ये जिथे रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं त्या देवासचा फिल्टर आज देशभर त्याच नावानं ओळखला जातो. 140 मिमीचा पीव्हीसी पाइप, लांबी 1.2 मीटर, आत तीन कप्पे. पहिल्यात 2 ते 6 मिमीचे गोटे, दुसऱ्यात 6 ते 12, तिसऱ्यात 12 ते 20, आणि बाहेर पडायच्या टोकाला जाळी. गोटे नदीतले, गोल घ्या. खडीची गिट्टी घेतली तर तिची भुकटीच आधी बोरिंगमध्ये जाते. भरायच्या आधी गोटे स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा. दोन्ही टोकं आट्यांची ठेवा, सॉल्व्हंटनं चिकटवू नका. चिकटवलेला फिल्टर कधी साफ होत नाही, तो कापावा लागतो. फिल्टरच्या आधी, वरच्या अंगाला, जास्तीचं पाणी बाहेर टाकणारा एक फाटा हवाच. ढगफुटीसारखी सर आली तर एवढ्याशा फिल्टरला ती झेपत नाही.

सगळ्या घरांना मिळून एकच मोठा फिल्टर करू, स्वस्त पडेल, असं कोणीतरी म्हणणारच. करू नका. घरटी एक फिल्टर, आणि गाळलेलं पाणी कंपाउंडच्या भिंतीलगत 110 मिमीच्या सामाईक पाइपातून बोरिंगकडे. सामाईक फिल्टर तुंबला की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. आपल्या दारातला तुंबला की फाट्याचं पाणी आपल्याच दारात पडतं, मग झक मारत उघडतो माणूस.

बोरिंगचं केसिंग जमिनीपासून निदान फूटभर वर असावं. झाकणाला भोक पाडून पाइप आत सोडा, सांध्याला एम-सील. शेजारी हवा सुटायला बारीक जाळीचं छोटं तोंड ठेवा, नाहीतर आतली हवा पाण्याला उलटं ढकलते. बोरिंग भरून वाहू लागलं तर जास्तीचं पाणी शोषखड्ड्यात न्या. खड्डा दीड मीटर लांब-रुंद आणि अडीच मीटर खोल, तळाला मोठे दगड, मधे बारीक गिट्टी, वर जाडी रेती. काळ्या मातीत खड्डा संपवू नका, मुरूम लागेपर्यंत जा. काळी माती फुगते आणि पाणी धरून बसते, खड्ड्याचं डबकं होतं आणि डासांवरून आणखी एक भांडण. घराच्या पायापासून निदान दहा फूट लांब. इंदूरच्या रामबागेसारख्या जुन्या वस्तीत, घराला घर लागून असेल तिथे, खड्ड्याचा विचारच सोडा.

अंगणाचं, रस्त्याचं, मोरीचं पाणी या लाइनीत कधीही घेऊ नका. कुत्रा गच्चीवर बांधणाऱ्या घरानं आधी कुत्रा खाली आणावा, मग पाइप जोडावा. गाळण गाळ अडवते, जंतू नाही. पावसाळ्यात बोरिंगचं पाणी जंतू तपासायच्या एचटूएस चाचणी-बाटलीत भरून बघा, 24 ते 48 तासांत काळं पडलं तर ते पाणी फक्त वापरायला. बोरिंगची आणि नर्मदेची टाकी वेगळी ठेवा, दोन्ही लाइनी एकमेकींना कुठेच जोडू नका.

पैशांचं थोडक्यात. आपल्या गच्चीपासून फिल्टरपर्यंतचा खर्च ज्याचा त्याचा. सामाईक पाइप, बोरिंगचं तोंड आणि खड्डा यांचा सगळ्यांत सारखा. गच्चीच्या क्षेत्रफळाप्रमाणे वर्गणी हे कागदावर न्याय्य दिसतं, पण टेप घेऊन मोजायला लागलात की काम पावसाळ्याच्या पलीकडे गेलंच म्हणून समजा. पैसे एकाकडे, खरेदी दुसऱ्याकडे, आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर. गणपतीच्या वर्गणीत हे पैसे मिसळू नका. मांडवाची माणसं मात्र जरूर घ्या, कोणाच्या घरी शिडी आहे आणि कोण शब्दाला जागतं हे त्यांना ठाऊक असतं. नोंदवही हिंदीत ठेवा. गल्लीत सिंधी, गुजराती, माळवी घरं असतात, आणि मराठी नोंदवही म्हणजे आपल्यापुरताच कारभार असं त्यांना वाटलं तर चुकीचं नाही. संस्था नोंदवायच्या भानगडीत पडू नका. मध्य प्रदेशात त्यासाठी सात माणसं लागतात, ती मिळतीलही, पण मग अध्यक्ष कोण यातच जून उजाडतो. बैठक एप्रिलमध्ये, काम मे संपायच्या आत.

देखभालीची पाळी लावा. जूनच्या आधी गच्ची झाडणं, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी फिल्टरचा पहिला कप्पा उघडून धुणं, दिवाळीआधी सगळे गोटे काढून वाळवणं. बारीक गोट्यांचा कप्पा सगळ्यात आधी तुंबतो. फिल्टरवरच्या फाट्यातून साध्या सरीतही पाणी पडायला लागलं की तीच खूण.

पातळी मोजायला जाड सुताला नट बांधा, दर मीटरला गाठ मारा. ज्या बोरिंगमध्ये मोटर आहे तिथे ती सहा तास तरी बंद ठेवून मोजा, आणि सूत केबलपासून दूर सोडा, अडकलं तर मोटर वर काढावी लागते. ऑक्टोबरातला आकडा बघून पेढे वाटू नका, पावसानंतर पातळी चढतेच. मे महिन्याची तुलना पुढच्या मे महिन्याशी करा, आणि तीही दोन-तीन वर्षं. त्या वर्षी पाऊस किती इंच झाला तेही शेजारी लिहा. आणि मोटरीच्या वेळा ठरवून त्याच वहीत पहिल्या पानावर टाका. भाडेकरू बदलला की घरमालकानं किल्लीबरोबर त्या पानाचा फोटो आणि फिल्टर उघडायचा पाना, दोन्ही त्याच्या हातात द्यावेत.