वणीत मोठी गाडी आणताय? उन्हाळ्याआधी एवढं करून घ्या

खाणीतली नोकरी, नवा दवाखाना, बदली, कारण काहीही असो, पुण्या-मुंबईकडून विदर्भातल्या वणी, घुग्घुस, राजुऱ्याकडे येणाऱ्यांच्या दारात हल्ली मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी दिसतात. मीही मूळचा पुण्याचा, आता पक्का वणीकर. नवीन कुणी आलं की मी घराआधी गाडीची चौकशी करतो. मे महिन्यात इथे पारा ४५-४६ अंशांवर जातो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, रात्रीही बोनेट नीट थंड होत नाही. गाडी त्या दिवशी बंद पडत नाही. रबर, प्लास्टिक आणि बॅटरी आतून म्हातारी होत जातात आणि बिल दोन-तीन वर्षांनी हातात येतं.

सगळ्यात आधी पुढची जाळी बघा. वणी कापसाचीही आणि कोळशाचीही. जिनिंग सुरू झाल्या की हवेत तंतू उडतात, रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची भुकटी असतेच. इथल्या मिस्त्रीने एकदा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारून दाखवला होता. आत बोटभर जाडीचा काळा नमदा बसला होता. बाहेरून गाडी चकाचक. "साहेब, इले श्वासच घेता येत नाही," तो म्हणाला. एसी गार करत नाही म्हणून गॅस भरून घेण्याआधी ही फट साफ करून घ्या. पाणी हलक्या धारेनेच मारायला सांगा, प्रेशरने पत्र्याच्या बारीक पात्या वाकतात. दिवाळीनंतर एकदा आणि गुढीपाडव्याच्या आधी एकदा, हे चुकवू नका.

इंजिन गार ठेवणारं कूलंट कमी दिसलं तर बोअरचं पाणी अजिबात ओतू नका. कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढतो ना, तेच क्षार इंजिनच्या आत बसतात. कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर डिकीत ठेवा. या गाड्यांत थर्मोस्टॅटचं (कूलंटची वाट उघडझाप करणाऱ्या झडपेचं) घर, पाण्याच्या नळ्यांचे जोड, कूलंटची टाकी बहुतेक प्लास्टिकची असते. उष्णतेने ती कडक होऊन तडकतात. जुन्या गाडीत गळायची वाट न बघता ती बदलून घेतलेली बरी, कारण टोइंगची गाडी नागपूरहून यायची म्हणजे अर्धा दिवस गेला.

बॅटरीचा शत्रू थंडीपेक्षा ऊन. २५ अंशांच्या वर साधारण दर १० अंशांना तिचं आयुष्य निम्म्यावर येतं, म्हणून पुण्यात पाच वर्षं चाललेली बॅटरी इथे तेवढी टिकेल असं धरू नका. बीएमडब्ल्यू, ऑडीत नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनर लावून गाडीला ती कळवावी लागते. गावातल्या दुकानात नुसती बदलून मोकळं होऊ नका.

टायरवर तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांचा टायर घेऊन समृद्धीवर चढू नका. सिमेंटचा तापलेला रस्ता आणि १२० चा वेग त्याला झेपत नाही. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. दुपारी वाढलेली दिसली म्हणून काढू नका. ढाब्यावर थांबलात की मिनिटभर इंजिन चालू ठेवा, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) निवू द्या.

पार्किंगला टिनाच्या बंद शेडपेक्षा कडुनिंबाची सावली केव्हाही चांगली. फक्त अवकाळी वादळाच्या दिवसांत फांद्यांवर लक्ष ठेवा. सर्व्हिस पुस्तकात पंधरा हजार किलोमीटर लिहिलेली असली तरी इथल्या धुळीत मी तेल आठ हजारांवरच बदलतो.

इथे येऊन जुनी गाडी घ्यायचा विचार असेल तर एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर उभी असलेली, शक्यतो टाळा. रबराच्या पिशव्यांना उन्हाने भेगा पडतात आणि हवा गळायला लागली की कॉम्प्रेसर सारखा चालून जळतो. तीच आवडली असेल तर रात्रभर एका जागी उभी करून ठेवायला सांगा आणि सकाळी मालकाने चावी लावायच्या आत पोहोचा. एखादा कोपरा खाली बसलेला दिसला तर किंमत कितीही कमी करू दे, घेऊ नका.